अंकीय न्यायसहायक विज्ञानातील परिकल्पना

संगणक, भ्रमणध्वनी, सर्व्हर, निरीक्षण कॅमेरे यांसारख्या अंकीय उपकरणांत उरलेल्या नोंदींवरून भूतकाळात काय घडले असावे याचा, न्यायालयास उपयोगी पडेल अशा रीतीने, शोध घेणाऱ्या शास्त्रास अंकीय न्यायसहायक विज्ञान म्हणतात. हा शोध घेताना तपासनीस घटनेविषयी जे तात्पुरते, परंतु चाचणीत खोटे ठरू शकेल असे विधान मांडतो, त्यास परिकल्पना ही संज्ञा आहे. ‘ही फाईल याच संगणकावर तयार झाली’, ‘हे संकेतस्थळ वापरणाऱ्याने जाणूनबुजून उघडले’, ‘या संगणकाचे घड्याळ मागे फिरविले गेले होते’ ही परिकल्पनांची साधी उदाहरणे होत. मराठीत याच अर्थाने ‘गृहीतक’ हा शब्दही रूढ आहे. तथापि त्यातून एखादी गोष्ट मान्य करूनच पुढे जावयाचे असा ध्वनी निघतो. येथे अपेक्षा नेमकी उलट असते. परिकल्पना मांडावयाची ती तिच्यावर विसंबण्यासाठी नव्हे, तर तिला पाडून पाहण्यासाठी. विज्ञानाचे विधान तत्त्वतः खोटे ठरविता आले पाहिजे, ही कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडलेली कसोटी या क्षेत्रात शब्दशः लागू पडते.

स्वरूप : तपासनिसाच्या हाती घटना कधीच येत नाही, येते ती उपकरणाची जप्तीच्या क्षणीची स्थिती. त्या स्थितीपर्यंत उपकरण कोणत्या वाटेने आले हे अनुमानानेच ठरवावे लागते, आणि बहुधा एकाच स्थितीकडे नेणाऱ्या अनेक वाटा संभवतात. हा विचार पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय मुख्यतः ब्रायन कॅरिअर यांच्याकडे जाते. त्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील परड्यू विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात संगणकास मर्यादित स्थिती असलेले यंत्र मानले आणि तपास म्हणजे त्या यंत्राच्या गतेतिहासाविषयी परिकल्पना मांडून त्या तपासण्याची प्रक्रिया होय, असे प्रतिपादन केले. त्यापूर्वीची बहुतेक कार्यपद्धती जप्ती, प्रतिकरण, शोध, अहवाल अशा टप्प्यांच्या यादीवर उभी होती. यादीमुळे शिस्त येते, पण काढलेला निष्कर्ष का मानावा, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

कालनोंदींच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एखाद्या फाईलीची निर्मिती १४ मार्चची आणि शेवटचा बदल मात्र १० मार्चचा, अशी नोंद आढळली, तर जन्मापूर्वीच बदल झाला असे वरकरणी दिसते आणि खाडाखोडीचा संशय येतो. वस्तुतः विंडोज प्रणालीत फाईलीची नक्कल केली असता बदलाची वेळ मूळचीच राहते व निर्मितीची वेळ नक्कल केल्याच्या क्षणाची पडते. म्हणजे येथे निदान दोन परिकल्पना उभ्या राहतात : फाईल दुसरीकडून नक्कल होऊन आली, किंवा घड्याळ मागेपुढे केले गेले. दोन्हींची भाकिते वेगळी आहेत. नक्कल झाली असेल, तर तिच्याबरोबर आलेल्या इतर फाईलींच्या निर्मितीच्या वेळाही एकमेकींना लागून असाव्यात. घड्याळ मागे फिरविले असेल, तर प्रणालीच्या घटनानोंदींत अनुक्रमांक वाढत असताना वेळ मात्र मागे गेलेली दिसावी. तपासनिसाने शोधावयाचे असते ते हे भाकीत; नुसती विसंगती नव्हे.

याच प्रकारातील आणखी एक बारकावा उद्‌बोधक आहे. एनटीएफएस या फाईल-व्यवस्थेत वेळ जागतिक समन्वित वेळेनुसार, १ जानेवारी १६०१ पासून मोजलेल्या १०० नॅनोसेकंदांच्या एककांत नोंदविली जाते. जुन्या फॅट व्यवस्थेत मात्र ती स्थानिक वेळेनुसार आणि बदलाच्या बाबतीत दोन सेकंदांच्या अचूकतेनेच नोंदविली जाते. कालनोंद हाताने बदलणारी काही साधने सेकंदाचा अपूर्णांक शून्य ठेवतात. म्हणून एनटीएफएसमधील फाईलीच्या वेळेत अपूर्णांकाच्या जागी सर्व शून्ये दिसली की ती बनावट, असा ठोकताळा काही जण वापरतात. परंतु फॅट व्यवस्थेच्या पेन ड्राइव्हवरून किंवा झिप प्रकारच्या संकुचित फाईलीतून आलेल्या निर्दोष फाईलीतही हीच शून्ये असू शकतात. भारतीय तपासनिसास तर साडेपाच तासांच्या फरकाची सवयच असावी लागते. दोन नोंदींत बरोबर ५ तास ३० मिनिटांचे अंतर दिसले, तर कटाचा विचार करण्यापूर्वी, एक नोंद स्थानिक वेळेत व दुसरी जागतिक वेळेत नाही ना, हे पाहणे श्रेयस्कर.

परिकल्पनेचा पराभव : एका प्रतिकूल निरीक्षणाने परिकल्पना कशी कोसळते याचे ठळक उदाहरण तुर्कस्तानातील ‘बल्योझ’ खटल्यात आढळते. २००३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सरकार उलथविण्याचा कट रचला, असा आरोप ठेवून २०१० मध्ये हा खटला सुरू झाला. पुराव्याचा मोठा भाग सीडींवरील दस्तऐवजांचा होता. सीडींच्या व दस्तऐवजांच्या कालनोंदी २००३ च्या होत्या आणि फिर्यादी पक्षाचे कथन त्यांच्याशी पूर्णपणे जुळत होते. मात्र बचावपक्षाच्या तज्ज्ञांना काही दस्तऐवजांच्या अंतरंगात ‘कॅलिब्री’ या टंकाचे उल्लेख सापडले. हा टंक मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या ऑफिस आज्ञावलीबरोबर सर्वसामान्य वापरात आला. २००३ मध्ये अंतिम स्वरूपात जतन झालेल्या व त्यानंतर कोणीही न स्पर्शिलेल्या दस्तऐवजात त्याचा मागमूस असणे संभवत नाही. शेकडो जुळणाऱ्या कालनोंदींनी जे सिद्ध झाल्यासारखे वाटत होते, ते एका टंकाच्या नावाने अमान्य ठरले. कारण संगणकाचे घड्याळ मागे नेऊन कितीही कालनोंदी हव्या तशा पाडता येतात, परंतु पुढे निघणाऱ्या टंकाचे नाव आधीच लिहिता येत नाही. असे असूनही सप्टेंबर २०१२ मध्ये तीनशेहून अधिक आरोपींना शिक्षा झाली. जून २०१४ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला, त्यात अंकीय पुराव्यावरील आक्षेपांची योग्य दखल न घेतल्याचे कारण होते. मार्च २०१५ मध्ये फेरसुनावणीअंती आरोपींची मुक्तता झाली. मधली वर्षे अनेकांनी तुरुंगात काढली होती.

पर्यायी परिकल्पना मांडलीच गेली नाही, तर काय घडते हे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका प्रकरणात दिसले. ऑक्टोबर २००४ मध्ये नॉर्विच येथील एका शाळेत बदली शिक्षिका वर्गावर असताना संगणकाच्या पडद्यावर अश्लील चित्रे दिसू लागली. ही संकेतस्थळे तिनेच उघडली, असा आरोप होता. तपासात त्या स्थळांना भेट दिल्याच्या नोंदी सापडल्या आणि एका पानावरील तांबड्या रंगाचा दुवा हा तो दाबल्याचा पुरावा मानण्यात आला. संगणकात जाहिराती आपोआप उघडणारी उपद्रवी आज्ञावली होती काय, याची तपासणी मात्र झाली नव्हती. जानेवारी २००७ मध्ये तिला दोषी ठरविण्यात आले. या गुन्ह्यांस ४० वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पुढे स्वतंत्र तज्ज्ञांनी त्या हार्ड डिस्कची प्रत तपासली, तेव्हा त्या पानाच्या मूळ लिखाणातच तो मजकूर तांबडा ठेवण्याची आज्ञा असल्याचे आणि त्या ब्राउझरमध्ये भेट दिलेल्या दुव्यासाठी ठरविलेला रंग तांबडा नसल्याचे दिसून आले. जून २००७ मध्ये न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. नोव्हेंबर २००८ मध्ये किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर प्रकरण मिटले, तरी तिला अध्यापनाचा परवाना सोडून द्यावा लागला. येथे पुरावा खोटा नव्हता. संकेतस्थळे खरोखरच उघडली गेली होती. उघडणारा हात माणसाचा की आज्ञावलीचा, हा प्रश्न विचारला गेला नाही, एवढेच.

याच्या उलट टोकाला ‘आज्ञावलीने केले’ हा बचाव उभा असतो. २००१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन बंदराच्या संगणकव्यवस्थेवर झालेल्या हल्ल्याबद्दल एका ब्रिटिश तरुणावर खटला भरण्यात आला. हल्ला आपल्या संगणकावरून झाला, पण तो दुसऱ्या कोणी ट्रोजन आज्ञावलीच्या साह्याने केला, असे त्याचे म्हणणे होते. फिर्यादी पक्षाच्या तज्ज्ञास ट्रोजनचा माग सापडला नाही. त्यावर, अशी आज्ञावली स्वतःस पुसून टाकू शकते, असे उत्तर देण्यात आले. ऑक्टोबर २००३ मध्ये ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. दोषसिद्धीचा भार फिर्यादी पक्षावर असल्याने या निकालात विधिदृष्ट्या वावगे काही नाही. शास्त्रीय दृष्ट्या मात्र ‘ट्रोजन होता आणि त्याने कोणतीच खूण ठेवली नाही’ ही परिकल्पना कोणत्याही निरीक्षणाने पडू शकत नाही आणि म्हणूनच तिच्या बाजूने काही सांगताही येत नाही. अशा वेळी ती मोडून तिचे तपासता येण्याजोगे तुकडे करणे हाच मार्ग उरतो. तशी आज्ञावली त्या प्रणालीवर चालू शकते काय? ती स्वतःला पुसते तेव्हा पुसण्याच्या कोणत्या खुणा राहतात? संगणकाबाहेरच्या, सेवापुरवठादाराकडील नोंदी काय सांगतात? हे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून पाहता येते, आणि हाच न्यायसहायक प्रयोगाचा गाभा होय.

साधनांविषयीच्या परिकल्पना : तपासनीस हार्ड डिस्कवरील शून्ये आणि एक स्वतः वाचीत नाही, त्यांचा अर्थ लावणारी आज्ञावली वाचतो. तिने लावलेला अर्थ बरोबर आहे ही स्वतंत्र परिकल्पना असून बहुधा तीच न बोलता मान्य केली जाते. २०११ मध्ये फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे चाललेल्या एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यात, घरातील संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानास ८४ वेळा भेट दिली गेली, अशी साक्ष झाली. फायरफॉक्स ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीतील इतिहासाची फाईल वाचताना वापरलेल्या आज्ञावलीची चूक झाली होती. दुसऱ्या आज्ञावलीने त्याच नोंदीतून भेटीची संख्या १ काढली होती. ८४ हा आकडा वस्तुतः एका सामाजिक संकेतस्थळाच्या नोंदीचा होता. एकच साठा दोन स्वतंत्र साधनांनी वाचावा आणि उत्तरे भिन्न आली तर मूळ बाइट हाताने तपासावेत, हा नियम कंटाळवाणा वाटतो खरा. पण ८४ आणि १ यांत पूर्वनियोजन आणि कुतूहल यांचे अंतर आहे.

ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसचे ‘होरायझन’ प्रकरण काटेकोरपणे पाहता संगणक-तपासणीचे नसून हिशेबाच्या संगणकीय नोंदी पुरावा म्हणून वापरल्याचे आहे. तथापि या विषयात ते टाळता येत नाही. फुजित्सू कंपनीची ही हिशेबप्रणाली १९९९ पासून टपालशाखांत बसविण्यात आली. प्रणालीने तूट दाखविली की शाखाचालकाने पैसे घेतले असावेत, असे मानून खटले भरले गेले आणि त्या नोंदींच्या आधारे ९०० हून अधिक जण दोषी ठरले. तूट प्रणालीतील दोषामुळे भासत असावी, ही पर्यायी परिकल्पना शाखाचालक पहिल्यापासून मांडत होते, पण ती तपासण्यास लागणारी दोषनोंदींची कागदपत्रे त्यांच्या हाती नव्हती. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस व पुरावा अधिनियमातील ६९ वे कलम संगणक नीट चालत होता हे दाखविण्याची जबाबदारी पुरावा सादर करणाऱ्यावर टाकीत होते. १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले आणि विरुद्ध काही दाखविले जाईपर्यंत संगणक बरोबरच चालतो, असे मानण्यात येऊ लागले. म्हणजे जी परिकल्पना सर्वांत आधी तपासावयाची, तिलाच कायद्याने गृहीत धरले. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती, असा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी एकाच दिवशी रद्द केली आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने उरलेल्या बहुसंख्य दोषसिद्धी कायदा करून पुसून टाकल्या. अनेकांची घरे, दुकाने व नावलौकिक तत्पूर्वीच गेला होता.

मूल्यमापन आणि मर्यादा : परिकल्पनांची तुलना करण्यासाठी संभाव्यता-गुणोत्तर वापरले जाते. सापडलेली खूण फिर्यादी पक्षाची परिकल्पना खरी असता किती संभाव्य आणि बचावपक्षाची खरी असता किती संभाव्य, यांचे हे गुणोत्तर होय. ते १ च्या जवळ असेल, तर ती खूण कितीही संशयास्पद दिसली तरी निर्णयास निरुपयोगी असते. उदा., संगणक स्वच्छ करणारी आज्ञावली सापडणे; ती लक्षावधी निर्दोष संगणकांवर असते. अंकीय क्षेत्रात या संभाव्यतांचे आकडे क्वचितच उपलब्ध असतात. त्यामुळे ई. केसी यांनी २००२ मध्ये सुचविलेली, पुराव्याच्या विश्वसनीयतेच्या शून्य ते सहा अशा पायऱ्यांची शाब्दिक श्रेणी अधिक व्यवहार्य ठरते. खोटी अचूकता दाखविणाऱ्या टक्केवारीपेक्षा प्रामाणिक शब्द बरा.

परिकल्पना मांडणारा माणूसच असल्याने त्याचे पूर्वग्रहही हिशेबात घ्यावे लागतात. नीना सुंडे व इतिएल ड्रोर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ अंकीय तपासनिसांना एकच पुरावा-फाईल देण्यात आली. मात्र प्रकरणाची पार्श्वभूमी गटागटांना वेगवेगळी सांगितली होती. कोणाला किती खुणा दिसल्या, हे त्या पार्श्वभूमीप्रमाणे बदलले. इतकेच नव्हे, तर समान पार्श्वभूमी मिळालेल्यांतही एकवाक्यता कमी आढळली.

तंत्रज्ञानातील बदलही जुन्या अनुमानांना धक्का देतात. चुंबकीय डिस्कवर फाईल काढून टाकली तरी तिचा मजकूर वर कोणी लिहीपर्यंत टिकून राहतो. त्यामुळे मजकूर समूळ नाहीसा झालेला आढळला की कोणी तरी तो मुद्दाम पुसला, असा तर्क रास्त होता. अर्धवाहक स्मृतीवर चालणाऱ्या एसएसडी साठवणीत मोकळा झालेला भाग उपकरण स्वतःच पुसून ठेवू शकते. ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात अशी साठवण फॉर्मॅट केल्यावर काही मिनिटांत, कोणीही आज्ञा न देता, बहुतांश मजकूर नाहीसा झाला. ‘पुरावा नष्ट केला’ हा आरोप ठेवण्यापूर्वी आता साठवणीचा प्रकार विचारावा लागतो.

कायदा : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या डॉबर्ट खटल्यात तज्ज्ञाची पद्धती चाचणीयोग्य आहे काय, तिची समव्यावसायिकांकडून छाननी झाली आहे काय, तिच्यातील त्रुटींचे प्रमाण किती आणि ती सर्वसाधारणपणे मान्य आहे काय, या कसोट्या सांगितल्या. भारतीय कायद्याचा भर यापेक्षा निराळ्या, म्हणजे नोंदीच्या प्रामाण्याच्या प्रश्नावर राहिला आहे. या संदर्भातील महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातील एका निवडणूक याचिकेतून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रण हा त्याचा पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, प्रतीच्या स्वरूपातील इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब खालील प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचा निर्वाळा दिला. मात्र सर्व प्रयत्न करूनही संबंधित अधिकारी ते देत नसतील, तर पक्षकारास ते माफ होऊ शकते, असेही म्हटले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावयाचे असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. त्यात नोंदीचे हॅश मूल्यही लिहावे लागते.

हॅश मूल्य म्हणजे फाईलीतील सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली ठराविक लांबीची खूणगाठ. ती जुळली, तर न्यायालयासमोरची प्रत आणि जप्तीच्या वेळी नोंदलेला साठा एकच आहे, ही परिकल्पना फार बळकट होते. जप्तीपूर्वी त्या साठ्यात काय कोणी ठेवले, यावर ती काहीच प्रकाश टाकीत नाही. पुणे येथील २०१७ च्या एल्गार परिषदेसंबंधीच्या खटल्यात नेमका हाच मुद्दा पुढे आला. आरोपींच्या वकिलांच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात, एका आरोपीच्या संगणकात दूरस्थ घुसखोरी करून कळीच्या फाईली ठेवण्यात आल्याचे म्हटले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा दावा अमान्य केला. दोन्ही पक्षांची विधाने परिकल्पनाच असून दोहोंची भाकिते वेगळी आहेत : वापरणाऱ्याने फाईल स्वतः तयार केली किंवा उघडली असेल, तर तिच्याविषयी ब्राउझर, संपादन-आज्ञावली व अलीकडे उघडलेल्या फाईलींच्या याद्या यांत खुणा असणे अपेक्षित आहे, बाहेरून आली असेल, तर ती आणणाऱ्या प्रक्रियेचे अवशेष स्मृतीत वा डिस्कवर असणे अपेक्षित आहे. हॅश जुळल्याचे प्रमाणपत्र या दोहोंपैकी कोणाच्याही बाजूचे नाही.